ओहायोतील ‘तिसरीपर्यंत वाचन’ कायदा: शाळेकडून आलेल्या पत्राचा नेमका अर्थ काय?

अबोली

नमस्कार. आम्ही ओहायोत, कोलंबसच्या एका उपनगरात राहतो. आमची मुलगी सार्वजनिक शाळेत दुसरीत आहे. पुण्याहून आम्ही इथे आलो तेव्हा तिचे किंडरगार्टनचे अर्धे वर्ष उलटून गेले होते. या शरद ऋतूत शाळेने सर्व मुलांची वाचन चाचणी घेतली आणि गेल्या आठवड्यात आम्हाला पत्र आले. तिचे वाचन इयत्तेच्या अपेक्षित पातळीवर नाही, तिच्यासाठी ‘रिम्प’ म्हणजे वाचन सुधारणा व देखरेख योजना तयार केली जाईल, आणि तिसरीच्या अखेरीस राज्याने ठरवलेले गुण न मिळाल्यास तिला त्याच वर्गात ठेवले जाऊ शकते, असे त्यात लिहिले आहे. खाली पालकांच्या सहीसाठी जागा आहे.

मुलगी बोलण्यात चुणचुणीत आहे, तिचे इंग्रजीही आता सफाईदार झाले आहे. मात्र तिच्या शेजारी बसून पाहिले तेव्हा लक्षात आले की ती शब्द वाचण्याआधी चित्राकडे बघते. चित्रात घर असले की छापलेला शब्द ‘हाउस’ असूनही ती ‘होम’ म्हणते आणि तशीच पुढे जाते. चित्रे नसलेल्या पानावर ती अडखळते, मग पुस्तक बाजूला सारते.

हा कायदा नेमका काय आहे आणि तिला खरोखरच मागे ठेवतील का? पत्रावर सही केली म्हणजे आम्ही त्याला संमती दिली असे होते का? शिवाय घरी मराठी कमी करून इंग्रजीच बोला, असे दोन-तीन परिचितांनी आग्रहाने सांगितले आहे. ते योग्य आहे का? जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

---

पाटीपेन्सिल

अबोली, मी ओहायोतच एका सार्वजनिक शाळेत पहिली ते तिसरीच्या मुलांना वाचन शिकवते, त्यामुळे हे पत्र माझ्या चांगल्या परिचयाचे आहे. त्यातले शेवटचे वाक्य वाचून पालकांच्या पोटात गोळा येतो, हे मी दरवर्षी पाहते. ते वाक्य पत्रात घालणे शाळेला कायद्याने बंधनकारक आहे, शाळेने तुमच्या मुलीबद्दल काही ठरवून टाकले आहे असा त्याचा अर्थ होत नाही.

आधी कायद्याबद्दल. ओहायोने 2012 मध्ये ‘थर्ड ग्रेड रीडिंग गॅरंटी’ मंजूर केली. किंडरगार्टनपासून तिसरीपर्यंत दरवर्षी प्रत्येक मुलाची वाचन चाचणी घ्यायची, मागे पडलेल्या मुलाच्या पालकांना लेखी कळवायचे, त्याच्यासाठी योजना आखून जादा शिकवणी द्यायची, आणि एवढे करूनही तिसरीच्या राज्य परीक्षेत ठरलेले गुण मिळाले नाहीत तर त्याला चौथीत पाठवायचे नाही, असे तिचे स्वरूप होते. बातम्यांमध्ये शेवटचा भागच गाजला. प्रत्यक्षात वजन आधीच्या भागांना होते आणि बऱ्याच ठिकाणी तेच ढिलाईने राबवले गेले.

2023 मध्ये राज्याच्या अर्थसंकल्पाबरोबर, म्हणजे हाउस बिल 33 मधून, या कायद्यात मोठा बदल झाला. आता पालकांनी वाचनाच्या शिक्षिका आणि मुख्याध्यापक यांच्याशी विचारविनिमय करून मुलाला चौथीत पाठवण्याची विनंती केली, तर गुण कमी असले तरी मुलाला चौथीत जाता येते. मात्र ते मूल इयत्तेच्या पातळीवर वाचू लागेपर्यंत त्याला सखोल वाचन शिकवणी देत राहण्याची जबाबदारी शाळेवर कायम राहते. त्यामुळे ‘मागे ठेवतील का’ याचे सरळ उत्तर असे, की तुमच्या संमतीशिवाय सहसा नाही.

तुमच्या बाबतीत आणखी एक तरतूद लागू होऊ शकते. ज्या मुलांना शाळेने इंग्रजी शिकणारे विद्यार्थी म्हणून नोंदवले आहे, जी अमेरिकेतील शाळांत पूर्ण तीन वर्षांपेक्षा कमी काळ आहेत आणि ज्यांना इंग्रजीच्या जादा वर्गाचा लाभही तीन वर्षांपेक्षा कमी काळ मिळाला आहे, त्यांना या अटीतून सूट आहे. तुमची मुलगी किंडरगार्टनच्या मध्यावर आली असल्याने तिसरीच्या परीक्षेपर्यंत तिची तीन पूर्ण शालेय वर्षे भरतात का, हे शाळा कसे मोजते ते विचारा. पण प्रवेशाच्या वेळी भरलेल्या भाषेच्या अर्जात तुम्ही घरची भाषा कोणती लिहिली, हे आठवून पाहा. आपल्याकडचे अनेक पालक मुलाला वेगळ्या वर्गात बसवतील या धास्तीने तिथे ‘इंग्रजी’ लिहितात. मग भाषेची चाचणीच होत नाही, नोंद होत नाही, आणि पुढे ही सूट मागायला आधारच उरत नाही. मराठी घरांत हे इतक्या वेळा घडते की मी प्रत्येक ओळखीच्या कुटुंबाला याबद्दल सांगते.

आता ‘रिम्प’. वाचन चाचणीचे निकाल हाती आल्यापासून 60 दिवसांच्या आत ही योजना तयार व्हायला हवी. मुलाला वाचनात नेमके काय येत नाही, त्यासाठी कोणती जादा मदत मिळणार, प्रगती कशी मोजणार आणि पालकांचा सहभाग कसा असणार, हे त्यात लिहिलेले असले पाहिजे. 2023 च्या बदलानंतर जादा शिकवणीचे प्रमाणही कायद्यातच आले आहे. आठवड्यातून किमान तीन दिवस, किंवा 36 आठवड्यांत किमान 50 तास. हा आकडा शाळेच्या बैठकीत हाताशी असू द्या. ‘आम्ही तिच्याकडे विशेष लक्ष देऊ’ असे मोघम वाक्य योजनेत दिसले, तर कोणते दिवस, किती वेळ, कोण शिकवणार आणि कोणते कौशल्य, हे नम्रपणे पण लिहूनच विचारा.

तुम्ही जे ‘हाउस’ आणि ‘होम’ लिहिले आहे, तिथे खरी मेख आहे. मुलीने शब्द वाचला नाही, तिने तो ओळखण्याचा अंदाज केला. हा अंदाज बहुतेक मुलांना शाळेतच शिकवला जात असे. चित्र बघ, पहिले अक्षर बघ, वाक्यात काय बसेल ते सांग, अशी पद्धत इथे ‘थ्री-क्यूइंग’ नावाने ओळखली जाते आणि तिची मुळे 1960 च्या दशकातील शिक्षणतज्ज्ञ केन गुडमन यांच्या मांडणीत आहेत. पहिलीच्या पुस्तकांत चित्र आणि मजकूर इतके जुळलेले असतात की अंदाज खपून जातो. तिसरीत चित्रे कमी होतात, शब्द लांब होतात, आणि तोवर कुणाच्या लक्षात न आलेली अडचण एकदम उघडी पडते. हाउस बिल 33 ने काही मर्यादित अपवाद वगळता वाचन शिकवण्यासाठी ही पद्धत वापरण्यास ओहायोत बंदी घातली, शाळांना राज्याच्या मान्य यादीतील अभ्याससाहित्य घ्यायला लावले, शिक्षकांचे प्रशिक्षण सक्तीचे केले आणि साहित्य, प्रशिक्षण व वाचन-मार्गदर्शक यांसाठी मिळून सुमारे 16 कोटी 80 लाख डॉलरची तरतूद केली. या बंदीविरुद्ध 2023 मध्येच न्यायालयात दावाही दाखल झाला होता, यावरून मतभेद किती खोल आहेत ते कळेल. माझे स्वतःचे मत विचाराल तर वर्गात काय शिकवावे यात विधिमंडळाने शिरू नये असे मला एरवी वाटते, पण अंदाजाने वाचायला शिकवलेली इतकी मुले माझ्यासमोर बसली आहेत की या एका बाबतीत मला कायदा हवाच होता.

---

डेल्टावासी

मी गेली अनेक वर्षे मिसिसिपीत राहतो. माझी दोन्ही मुले इथल्या सार्वजनिक शाळांतून तिसरीच्या त्या परीक्षेला बसून पुढे गेली आहेत. म्हणून थोडी भर घालतो.

आमच्या राज्यात ‘लिटरसी-बेस्ड प्रमोशन ॲक्ट’ 2013 मध्ये झाला आणि 2014-15 च्या तिसरीपासून मुलांना मागे ठेवायला सुरुवात झाली. पुढे पात्रतेची पातळी वाढवण्यात आली आणि 2018-19 पासून पाचांपैकी तिसरी पातळी गाठणे आवश्यक झाले. परीक्षा पुन्हा देण्याच्या संधी मिळतात, अपंगत्व किंवा अलीकडेच इंग्रजी शिकू लागणे अशा कारणांसाठी सूटही आहे. पण ओहायोप्रमाणे केवळ पालकांच्या विनंतीवरून मूल वरच्या वर्गात जाऊ शकत नाही.

त्याचे फळ काय मिळाले? राष्ट्रीय स्तरावरील ‘नेप’ चाचणीत 2013 साली चौथीच्या वाचनात मिसिसिपीची सरासरी 209 होती आणि देशाची 221. 2019 मध्ये दोन्ही 219 वर आल्या. 2024 मध्ये देश 214 पर्यंत घसरला आणि मिसिसिपी 219 वरच राहिले. शाळांच्या बाबतीत देशात कायम तळाशी गणल्या जाणाऱ्या राज्यासाठी ही मोठी गोष्ट आहे आणि मला त्याचा मनापासून अभिमान आहे.

मात्र बाहेरची राज्ये हा कायदा उचलतात तेव्हा ती फक्त परीक्षेची अट उचलतात, याचे मला वाईट वाटते. इथे राज्याने सर्वांत कमकुवत शाळांत वाचन-मार्गदर्शक पाठवले. ते वर्गात शिक्षिकेच्या शेजारी बसून काम करत. हजारो शिक्षकांना ध्वनी, अक्षर आणि अर्थ यांच्या अध्यापनाचे दीर्घ प्रशिक्षण दिले गेले. वर्षातून तीन वेळा मुलांची चाळणी चाचणी होते आणि मागे पडलेल्या मुलाची वैयक्तिक योजना बनते. त्याही आधी, 2000 साली, जिम व सॅली बार्क्सडेल या दांपत्याने वाचनासाठी 10 कोटी डॉलरची देणगी दिली होती आणि त्या संस्थेतून तयार झालेले लोक पुढे या कामी आले. राज्य यावर वर्षाला साधारण दीड कोटी डॉलर खर्च करते. एवढ्या मुलांच्या मानाने ती रक्कम फार नाही, पण ती वर्षानुवर्षे मिळत राहिली.

कमकुवत मुलांना तिसरीत अडवल्यामुळे चौथीची सरासरी फुगली, असा आक्षेप नेहमी घेतला जातो. पहिल्या एक-दोन वर्षांपुरता त्यात काही अंश असू शकतो. परंतु अडवलेले मूलही वर्षभराने चौथीत येतेच आणि त्याच चाचणीस पात्र होते, त्यामुळे दहा वर्षे टिकलेली वाढ एवढ्यानेच समजावता येत नाही. आठवीचे निकाल मात्र अजून राष्ट्रीय सरासरीच्या खालीच आहेत, हेही सांगितले पाहिजे.

---

अबोली

दोघांचेही मनापासून आभार. भाषेच्या अर्जात आम्ही मराठीच लिहिले होते आणि पहिलीत तिला इंग्रजीचा जादा वर्गही होता, त्यामुळे त्या सवलतीबद्दल शाळेला विचारेन. घरच्या मराठीचा प्रश्न मात्र अजून मनात आहे. तिला बाराखडी येते, आजीने फोनवरून शिकवली. त्यामुळे इंग्रजी वाचनात गोंधळ होत असेल का?

---

सह्यकडा

मी सातारा जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो. अमेरिकेतील कायद्यांवर बोलण्याचा माझा अधिकार नाही, पण बाराखडीबद्दल लिहितो.

देवनागरीत मूल ‘क’ शिकते तेव्हा ते व्यंजन आणि त्यातला ‘अ’ एकत्रच शिकते. मात्रा लागली की स्वर बदलतो, पण त्याच्या दृष्टीने ‘का’, ‘की’, ‘कू’ ही एकेक सलग अक्षरे असतात. इंग्रजी वाचनात याहून बारीक फोड लागते. ‘मॅप’ या शब्दाचे आवाज वेगवेगळे करून सांग म्हटले, तर इथली मुले ‘मॅ’ आणि ‘प’ असे दोनच सांगतात. इंग्रजीच्या चाचणीत म्, ॲ, प् असे तीन अपेक्षित असतात. भारतीय लिप्यांवरील संशोधनातही, उदाहरणार्थ सोनाली नाग यांनी कन्नड मुलांवर केलेल्या 2007 च्या अभ्यासात, अक्षराच्या आतील सुटे ध्वनी ओळखण्याची क्षमता मुलांमध्ये सावकाश येते असे दिसले आहे. याला मी गोंधळ म्हणणार नाही. तुमच्या मुलीकडे वाचनाची अर्धी समज आधीच आहे: छापलेली खूण आवाजासाठी असते आणि त्या खुणा डावीकडून उजवीकडे क्रमाने वाचायच्या असतात. बाराखडी येणाऱ्या मुलाला ‘क’ मधून ‘क्’ सुटा करून दाखवणे फारसे अवघड जात नाही. ‘वाक्’ अशा शब्दातील पाय मोडलेले अक्षर दाखवा, ती लगेच ओळखेल.

घरी मराठी कमी करू नका. वाचन म्हणजे शब्दाची उकल आणि भाषेचे आकलन यांचा गुणाकार, अशी मांडणी गफ आणि टनमर या संशोधकांनी 1986 मध्ये केली होती, ती आमच्या प्रशिक्षणातही शिकवतात. आकलनाचा भाग बोलण्या-ऐकण्यातून वाढतो. ज्या भाषेत तुम्हाला गोष्ट रंगवून सांगता येते, वाद घालता येतो, ‘का’ विचारल्यावर दहा वाक्यांत उत्तर देता येते, त्याच भाषेत तो वाढेल. पालकांनी ओढूनताणून बोललेल्या दुसऱ्या भाषेतून मुलाला तुटपुंजी वाक्ये मिळतात.

जाता जाता, आपल्याकडची स्थिती वेगळी आहे. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात आठवीपर्यंत कुणालाही मागे न ठेवण्याचे कलम होते. ते 2019 मध्ये बदलले आणि महाराष्ट्राने पाचवी व आठवीला वार्षिक परीक्षा व पुनर्परीक्षेची अट आणली. तिसरीपर्यंत वाचता यावे हे उद्दिष्ट 2021 पासून ‘निपुण भारत’ अभियानात आहे, पण ते अभियान आहे, कायदा नाही. चाचणीत मूल मागे आढळले तर अमुक दिवसांत पालकांना लेखी कळवा आणि अमुक तास शिकवा, असे म्हणणारे कलम आपल्याकडे नाही. तुमचे ते पत्र वाचून मला त्याचेच अप्रूप वाटले.

---

खाडीकिनारा

मी कॅलिफोर्नियात राहते. इथे तिसरीत अडवण्याची अट नाही, पण 2023 च्या कायद्यानुसार 2025-26 पासून किंडरगार्टन, पहिली आणि दुसरीतील प्रत्येक मुलाची दरवर्षी वाचनातील अडचणींसाठी चाळणी चाचणी होते. त्यात डिस्लेक्सियाचा, म्हणजे बुद्धी चांगली असूनही अक्षरे-शब्द वाचणे अवघड जाण्याच्या अडचणीचा, धोकाही तपासला जातो. पालकांना आगाऊ सूचना मिळते, नको असल्यास लेखी नकार देता येतो आणि निकाल 45 दिवसांत कळवावा लागतो. माझी एवढीच विनंती की चाळणीचा निकाल हे निदान नव्हे, हे दोन्ही बाजूंनी लक्षात ठेवावे. घाबरू नये आणि ‘इंग्रजी दुसरी भाषा आहे, येईल हळूहळू’ असे म्हणून गप्पही बसू नये. आमच्या एका परिचित कुटुंबात हेच कारण शाळा आणि पालक दोघेही देत राहिले. मुलाला डिस्लेक्सिया आहे हे चौथीत कळले.

---

पाटीपेन्सिल

‘खाडीकिनारा’ यांनी फार मोलाचे लिहिले आहे. अबोली, ओहायोतही 2021 च्या सुरुवातीला डिस्लेक्सियाचा स्वतंत्र कायदा झाला. आता किंडरगार्टनमधील सर्व मुलांची डिस्लेक्सियासाठी चाळणी होते आणि पहिली ते सहावीपर्यंत पालकांनी मागणी केली तर शाळेला ती करावी लागते. तुमची मुलगी किंडरगार्टनच्या मध्यावर आली असल्याने तिची ती चाचणी झाली होती की नाही, हे विचारा, आणि झाली नसेल तर आत्ताच लेखी मागणी करा. तिच्यात तसे काही आहे असे मी म्हणत नाही. इंग्रजी नवीन असल्यामुळे अडणे आणि ध्वनींची फोड करताच न येणे, हे वरवर सारखे दिसते. ती मराठी शब्दांत सहज यमक जुळवते का, ‘कमळ’ मधून ‘क’ काढला तर काय उरेल हे सांगते का, हे तुम्ही घरी पाहू शकता. मराठीत हे सहज जमत असेल तर अडचण बहुधा इंग्रजीच्या सरावाची आहे. मराठीतही जमत नसेल तर ते चाचणी घेणाऱ्या शिक्षिकेला आवर्जून सांगा, कारण तिच्याकडे मराठीतून तपासण्याचे साधन नाही आणि ही माहिती तिला तुमच्याशिवाय कुणीच देऊ शकत नाही.

सहीबद्दल. पत्र मिळाले याची ती पोच असते, मुलीला मागे ठेवण्यास दिलेली संमती नव्हे. तरीही सहीशेजारी ‘पत्र मिळाले, योजनेवर चर्चा करायची आहे’ असे लिहून तारीख टाका आणि एक प्रत स्वतःकडे ठेवा. योजना सुरू होऊनही फरक पडला नाही, तर संघराज्याच्या विशेष शिक्षण कायद्याखाली मुलीचे मूल्यमापन करा अशी लेखी मागणी तुम्ही केव्हाही करू शकता. ओहायोत शाळेला 30 दिवसांच्या आत त्यासाठी तुमची संमती तरी मागावी लागते किंवा नकाराचे कारण लेखी द्यावे लागते. ‘आधी रिम्प पूर्ण होऊ द्या’ हे कारण त्यासाठी पुरेसे नाही.

तिसरीच्या अखेरीस निर्णयाची वेळ आलीच, तर काय करावे याबद्दल संशोधकांतही एकमत नाही. फ्लोरिडात 2000 च्या दशकाच्या सुरुवातीपासून मागे ठेवलेल्या मुलांच्या अभ्यासात सुरुवातीला मोठी वाढ दिसली, ती आठवीपर्यंत विरत गेली, पण पुढे हायस्कूलमध्ये त्यांचे गुण थोडे बरे राहिले आणि पदवी मिळण्यावर परिणाम दिसला नाही. मिशिगनने तर 2016 मध्ये आणलेली मागे ठेवण्याची सक्ती 2023 मध्ये काढूनच टाकली. मी स्वतः पालकांना एवढेच विचारते, की पुढच्या वर्षी त्याच वर्गात बसवून शाळा तिला वेगळे काय शिकवणार आहे. तेच पुस्तक, तीच पद्धत, तेच ‘चित्र बघ’ असेल तर वर्ष फुकट जाते. ठरलेल्या क्रमाने ध्वनी-अक्षर शिकवणारी प्रशिक्षित शिक्षिका रोज मिळणार असेल, तर ती चौथीत बसूनही मिळू शकते का, हे आधी विचारा.

घरी आजपासून एक करा. रोज दहा-पंधरा मिनिटे चित्रे झाकून वाचायला बसवा. शब्द चुकला तर अर्थ सांगू नका, ‘अक्षरे बघ’ एवढेच म्हणा, आणि तिने आवाज जोडून शब्द पूर्ण केला की मग चित्र उघडून दोघी मिळून गोष्टीवर हवे तेवढे मराठीत बोला. मजकूर असा निवडा की त्यात तिने शिकलेल्याच अक्षरजोड्या येतील. अशी पुस्तके शाळेकडे असतात आणि ग्रंथालयातही ‘डिकोडेबल’ या नावाने वेगळी लावलेली असतात. बैठकीची तारीख मिळाली की इथे कळवा. योजनेचा मसुदा हाती आल्यावर त्यातले कोणते रकाने मोघम राहिले आहेत, हे मी वाचून सांगेन.